शेवटचा प्रश्न घरच्यांचा

बफेलो, ५ नोव्हेंबर

शेरिस,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फोन वाजायला लागला की तुला तो बंद करता येतो. पत्र बिचारं वाजत नाही, नुसतं टेबलावर पडून राहतं. कधीतरी भाजी चिरताना तुझी नजर जाईलच.

दीड वर्षापूर्वी स्वयंपाकघरात आपण दोघं जे बोललो ते मी उगाळत बसणार नाही. तुझं लग्न झालं, करटिसची नोकरी ह्यूस्टनला, तुला झारियाला बरोबर न्यायचं होतं. पोरगी म्हणाली, मी ही शाळा सोडणार नाही. मी म्हणालो, राहू दे माझ्याजवळ. तू म्हणालीस, "ती माझी मुलगी आहे, बाबा." मी म्हणालो, "मग तसं वाग." झालं. तेव्हापासून रविवारी तू तिच्याशी फोनवर बोलतेस आणि मी पलीकडे टीव्हीचा आवाज कमी करून बसतो.

झारिया छान आहे. आता शेवटचं वर्ष. जूनमध्ये ती त्या शाळेतून बाहेर पडेल, आणि तिच्या वर्गशिक्षिका मिस पालुचींच्या मते थेट विद्यापीठात जाईल. आपल्या घरातलं कुणी तिथे गेलेलं नाही. तुझ्या आईने तिथल्या फरश्या पुसल्या तेवढंच. तेव्हा हे वर्ष नीट पार पडणं एवढी एकच गोष्ट सध्या माझ्या डोक्यात आहे. बाकी गुडघे, दात वगैरे मागाहून बघू.

शाळा मात्र विचित्र आहे बाई. एकच मास्तरीण चार वर्षं त्याच पंधरा-सोळा मुलांची पालक. रोज सकाळी सगळी गोल करून बसतात, तिथेच नाश्ता करतात, कोण कसं आहे ते सांगतात. आपली झारिया, दोन बर्मी मुली, येमेनची एक, पोर्तोरिकोची पोरं, एक पोलिश आडनावाचा लांबुडका मुलगा. हुशारांचा वर्ग वेगळा आणि ढ पोरांचा वेगळा असला प्रकार नाही, अवघड गणित सगळ्यांना. शाळेच्या तळघरात कपडे धुवायची मशीनंसुद्धा आहेत. मी विचारलं, "शाळा आहे की लाँड्री?" झारिया म्हणाली, "आजोबा, कपडे मळलेत म्हणून मुलं घरी बसायची. आता येतात. त्यात हसण्यासारखं काय आहे?"

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक मोठं काम करायचं आणि ते पाच जणांसमोर उभं राहून मांडायचं. दोन शिक्षक, एक धाकट्या वर्गातला विद्यार्थी, एक बाहेरचा पाहुणा, आणि पाचवी खुर्ची घरच्यांची. शेवटचा प्रश्न त्या खुर्चीने विचारायचा. कुठल्याही भाषेत, दुभाषी असतो. गेल्या वर्षी एका बर्मी आजीने सगळं ऐकून नातवाला विचारलं, "ते असू दे, तू दुपारी जेवतोस का?" त्याला त्याचंही उत्तर द्यावं लागलं. झारियाने पाचव्या खुर्चीसाठी तुझं नाव दिलं आहे. तुला कळावं म्हणून लिहिलं.

तिचा विषय माती. आपल्या वेस्ट साइडच्या जुन्या घरांचा रंग पिढ्यान्पिढ्या गळून अंगणात पडला, त्यात शिसं होतं, ते मातीत किती उतरलंय ते मोजायचं. वर्गातल्या प्रत्येकाने आपल्या अंगणातली माती आणायची. झारियानेही आपल्या अंगणातली पिशवी भरून नेली. जुना चमचा घेऊन गेली होती. हात काळेकुट्ट. तू असतीस तर तिला दारातच अडवलं असतंस.

आणखी एक. या मिस पालुची दर शुक्रवारी मुलांच्या घरी फोन करतात आणि मुलाबद्दल एक चांगली गोष्ट सांगतात. फक्त चांगली. ऐकायला बरं वाटतं, पण शाळेचा नंबर दिसला की माझा हात पुढे होत नाही. आमच्या वेळी शाळेचा फोन आला की माझे वडील आधी पट्टा काढायचे, मग फोन घ्यायचे.

हे पत्र एर्ल मामाच्या टेबलावर बसून लिहितोय. सहज आलो होतो. उत्तर पाठवलंस तर चर्चच्या पत्त्यावर पाठव. आपल्याकडचा पोस्टमन नवा आहे, पत्रं कुठेही टाकतो.

तुझा बाप,
वेंडेल


लॅकवाना, १४ जानेवारी

शेरिस,

वर गावाचं नाव बघितलंस ना? पोस्टमनला उगाच बदनाम केलं मी. तो भला माणूस आहे.

घर गेलं. ऑगस्टअखेर. मालकाने विकलं, नव्या मालकाने सांगितलं की डागडुजी करून भाडं दुप्पट करणार, परवडत असेल तर थांबा. माझं पेन्शन तुला माहीत आहे. सप्टेंबरपासून आम्ही एर्ल मामाकडे आहोत. झारियाला बर्निस मामीची शिवणाची खोली दिली आहे, मी सोफ्यावर. एर्ल काही बोलत नाही, मामी भांडी जरा जोरात ठेवते. तिचंही चुकत नाही.

तुला सांगितलं नाही कारण तू म्हणाली असतीस, झालं ना? आता पाठवा तिला इकडे. रविवारी फोनवर गप्प राहायचं असा दम मी झारियाला दिला होता. ती तुझ्याशी दोन मिनिटांत फोन आटपते असं तुला वाटत असेल तर दोष माझा. तिला तुझ्याशी खोटं बोलता येत नाही, म्हणून ती कमी बोलते.

शाळेला सांगितलं नाही कारण लॅकवाना वेगळं गाव. हद्द ओलांडली की शाळा बदलायची, हे कुणीही सांगेल. मागे आपल्या गल्लीतल्या त्या मुलाचं आठवतंय? मावशीच्या पत्त्यावर शिकत होता, वर्ष अर्ध्यावर असताना काढला. म्हणून शाळेत आमचा जुनाच पत्ता आहे. मातीची पिशवीसुद्धा तिने जुन्या अंगणातूनच आणली, कुंपणावरून चढून. आता आपलं ना घर ना अंगण, वर्गात काय सांगणार?

त्यामुळे आम्ही अंधारातच निघतो. एक बस बफेलो गावात, तिथून दुसरी शाळेपर्यंत. बर्फ पडला की दुसरी कधी येईल ते देवाला ठाऊक. मी तिच्याबरोबर स्टॉपपर्यंत जातो, ती नको म्हणते तरी. तिला उभ्याउभ्या झोप लागते. परवा माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बस आली तरी उठेना. शाळेत पहिल्या तासाला उशीर, दुपारी पुन्हा डुलक्या. मार्क घसरतील की काय ही भीती वेगळीच.

आता खरी गोष्ट. मिस पालुचींचे शुक्रवारचे फोन मी उचलत नव्हतो. पहिल्यांदा सवयीने, मग भीतीने, पत्त्याचं कळलं असेल म्हणून. शेवटी फोनमध्ये निरोप ठेवायला जागाच उरली नाही. बाई जिद्दीची. गेल्या आठवड्यात त्या स्वतः आपल्या जुन्या घरी गेल्या. तिथे खिडक्या काढलेल्या, तोंडाला फडकी बांधलेली माणसं भिंती खरवडतायत. त्यातल्या एकाने सांगितलं, इथे उन्हाळ्यापासून कुणी राहत नाही.

उद्या सकाळी मला शाळेत बोलावलंय. झारिया जेवली नाही. मामीने मक्याची भाकरी केली होती तिच्यासाठी, तीही तशीच. मी चर्चचा सूट काढून ठेवलाय. झारिया आठवड्यातून दोनच दिवस इकडे येते, बाकी जुन्या गल्लीत माझ्या मित्राकडे असते, असं सांगायचं ठरवलंय. मित्रालाही पढवून ठेवलंय. त्याने नाव नीट लक्षात ठेवलं म्हणजे मिळवली, तो तिला अजून तुझ्याच नावाने हाक मारतो.

तिला काढलं तर ती तुझ्याकडे येईल, मला दुसरा मार्ग नाही. तू नीट सांभाळशील, त्यात मला शंका नाही. पण पाच महिन्यांसाठी ती सगळं टाकून नव्या शाळेत जाऊन बसली तर तिच्यातलं काहीतरी विझेल. तुला आठवतं, त्या शाळेत जाण्याआधी ती वर्गात तोंडच उघडायची नाही? आता बघायला हवीस. बोलायला लागली की थांबवावं लागतं.

वेंडेल


लॅकवाना, १६ जानेवारी

शेरिस,

कालचं सांगतो. आधीचं पत्र अजून वाटेत असेल, पण मला थांबवत नाही.

शाळेच्या दारातच एका पोराने माझा कोट बघून विचारलं, "आजोबा, आज कुणाचं लग्न?" म्हटलं, "झालं तर तुला बोलावीन." आत गेलो. खोलीत मिस पालुची, आपली झारिया, आणि हिबो नावाच्या एक बाई. डोक्याला निळा रुमाल, सोमालियाच्या. मुलांच्या घरच्या अडचणी बघणं हे त्यांचं काम. मी बसायच्या आधीच सुरू झालो. मित्र, जुनी गल्ली, आठवड्यातून दोन दिवस. हिबो बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "मिस्टर प्रुइट, कॉफी घेणार?"

कॉफी आली. मग त्या म्हणाल्या, "तुमचं घर गेलं आणि तुम्ही नाइलाजाने नातेवाइकांकडे राहता. असंच ना?"

मी कप खाली ठेवला.

"असं असेल तर झारियाला ही शाळा सोडावी लागत नाही. गाव वेगळं असलं तरी नाही. कायदाच आहे तसा. उलट तिला दारापासून शाळेत आणायची सोय आम्ही करायची. हे तुम्ही सप्टेंबरमध्ये सांगितलं असतंत तर सप्टेंबरमध्येच केली असती."

शेरिस, मला तोंडात मारल्यासारखं झालं. ज्या गोष्टीने पोरगी सुटली असती नेमकी तीच मी चार महिने लपवून ठेवली होती. मी म्हटलं, "म्हणजे आम्ही पहाटे उगाच उठत होतो?"

"हो," हिबो बाई म्हणाल्या. "पण तुम्ही एकटे नाही. निम्मे लोक लपवतात. फक्त एक आहे. कायद्यात अशा मुलांसाठी एकच शब्द आहे, बेघर. मी तुमच्याकडून ऐकलं की आज दुपारीच बससाठी सांगते."

आणि इथे माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बाई, मी तीस वर्षं पिठाच्या गिरणीत काम केलंय. एक दिवस भाडं थकवलं नाही. बेघर म्हणजे पुलाखाली झोपणारे. माझी नात मऊ अंथरुणात झोपते, तिला रोज गरम जेवण मिळतं. तो शब्द आमच्यासाठी नाही."

मिस पालुची खाली बघत होत्या. झारिया माझ्याकडे वळली. मला वाटलं कायद्याचं काहीतरी समजावेल, तिला आता सगळं समजावायची सवय झालीय. ती हळूच म्हणाली, "आजोबा, मला झोप हवीये."

एवढंच. सप्टेंबरपासून तिने एकदाही तक्रार केली नव्हती, ती तिथे केली. आणि डोळ्यांखाली काळं, तुझ्या आईला शेवटच्या आजारपणात आलं होतं तसं. मी रोज बघत होतो आणि बघत नव्हतो.

जीभ रेटत नव्हती, पण म्हणालो. "आम्ही बेघर आहोत."

हिबो बाई म्हणाल्या, "माझं लहानपण छावणीत गेलं, मिस्टर प्रुइट. माझ्या आईलाही हा शब्द नको होता. तो इथे माझ्या खोलीत म्हणायचा. घरात शिरताना बुटांवरचा बर्फ बाहेर झटकतो ना, तसा तो झटकून जायचं." मग त्यांनी लगेच फोन लावला, आणि दहा-बारा वाक्यांत बस ठरली सुद्धा. सोमवारपासून एक छोटी पिवळी बस एर्लच्या दाराशी येणार.

मी निघायला उठलो तर मिस पालुची म्हणाल्या, "अहो, बसा. मी फोन कशासाठी करत होते ते तरी ऐकून जा." मग त्यांनी साठलेले सगळे शुक्रवार एकामागून एक सांगितले. एह पॉ नावाची बर्मी मुलगी वर्गात नवी आली होती, इंग्रजीत अडखळायची. झारियाने तिची गणितं करून दिली नाहीत, ती स्वतः करेपर्यंत शेजारी बसून राहिली, आपलं जेवण गार होऊ दिलं. एका शुक्रवारी एका मुलाने मांडलेलं गणित चुकलं तेव्हा ती म्हणाली, थांबा, त्याची वाट बरोबर आहे, फक्त वळण चुकलंय. एका शुक्रवारी नुसतंच, "आज झारिया मोठ्याने हसली." ज्या बाईला एवढं लक्षात राहतं तिचा फोन मी उचलत नव्हतो. रुमाल काढला आणि नाक शिंकरायचं निमित्त केलं. झारिया म्हणाली, "आजोबांना सर्दी झालीय." सगळ्यांनी मान्य केलं.

आज ती आठ वाजेपर्यंत झोपली. शाळेनेच सांगितलं, आज उशिरा आली तरी चालेल. मामी भांडी अगदी हळू ठेवत होती.

वेंडेल


लॅकवाना, २ एप्रिल

शेरिस,

तुझा फोन आला होता, आणि जवळजवळ दोन वर्षांनी तुझा आवाज ऐकायला मिळाला, तोही ओरडताना. तू म्हणालीस, "माझ्या मुलीला घर नाही आणि ते मला पत्राने कळतं!" बरोबर आहे. मीही ओरडलो, ते चुकलं. मग "मी येते आणि तिला घेऊन जाते" म्हणालीस, आणि झारियाने माझ्या हातातून फोन घेतला. ती अंगणात जाऊन तुझ्याशी काय बोलली मला माहीत नाही. आत आली तेव्हा नाक लाल होतं आणि ती म्हणाली, "आई जूनपर्यंत थांबतेय." तुझे उपकार मानतो. तरी पत्रच लिहितोय, कारण पत्रात मला वाक्य पुरं करता येतं.

बस रोज येते. चालवणारा ग्वाटेमालाचा आहे, झारिया दारात दिसेपर्यंत हॉर्न वाजवत नाही. तिचा पहिला तास आता चुकत नाही. संध्याकाळी शाळेतच अभ्यासाला थांबते, तिथे रात्रीचं जेवणही देतात, मग तीच बस परत आणते. गेल्या महिन्यात मामीला पाठीचं दुखणं लागलं तर हिबो बाईंनी घरी दोन पिशव्या सामान पाठवलं. मामी आधी फणफणली, मग त्यातल्या चवळीचं कालवण केलं आणि मला शेजाऱ्यांना सांगू नका म्हणाली.

शुक्रवारी मी फोन जवळ घेऊन बसतो. वाजला की एर्ल ओरडतो, "वेंडेल, तुझी मैत्रीण!"

विद्यापीठाचं पत्र आलं. घेतलं तिला. खर्चाची सोयही बरीचशी झाली, मिस पालुची तिच्याबरोबर एकेक कागद घेऊन बसल्या होत्या. हे तिने तुला सांगितलंच असेल, पण मला माझ्या हाताने लिहायचं होतं. झारिया प्रुइट विद्यापीठात जाणार. बघ, लिहून झालं.

आता एक गोष्ट लिहू की नको म्हणून आठवडाभर घुटमळतोय. पण लपवायचं नाही असं आता ठरलंय. विद्यापीठाच्या यंत्रावर तिने सगळ्यांची माती मोजली. एह पॉच्या आईच्या भाजीच्या वाफ्यातली चांगली निघाली, तिने माती बाहेरून आणून टाकली होती. आपल्या अंगणातली वाईट निघाली. भिंतीलगतची सर्वांत वाईट. म्हणजे तू टोमॅटो लावायचीस ती जागा. झारियाने मला आकडा दाखवला आणि म्हणाली, आईला मी स्वतः सांगेन, नीट सांगेन. पण ती परीक्षेला उभी असताना तुला पहिल्यांदा कळावं हे मला बरं वाटेना.

तारीख ५ जून, बुधवार, सकाळी. पाचव्या खुर्चीवर अजून तुझंच नाव आहे. तू नाही आलीस तर मी बसणार, असं तिने सांगून ठेवलंय, आणि मी प्रश्नही तयार केलाय. चांगला आहे. पण मला तो विचारायचा नाही.

वेंडेल


लॅकवाना, ६ जून

शेरिस,

तुझी बस ह्यूस्टनला पोचायच्या आत मी पत्र लिहायला बसलोय. तू म्हणशील, मी होते की तिथे, मला काय सांगता? पण तू खुर्चीत होतीस, तुला तुझा चेहरा दिसत नव्हता. मला भिंतीपाशी उभं राहून दिसत होता.

तू आत आलीस तेव्हा दोन दिवसांच्या प्रवासाने साडी चुरगळते तसा तुझा पोशाख चुरगळला होता. (साड्या मी गिरणीतल्या आपल्या पटेलच्या बायकोच्या बघितल्यात, हसू नकोस.) तू माझ्याकडे बघून नुसती मान हलवलीस आणि खुर्चीत ताठ बसलीस. पर्स मांडीवर घट्ट. झारिया बोलायला लागली आणि पहिल्या पाच मिनिटांत तिने सगळी गल्ली उभी केली. कुणाच्या ओसरीचा रंग कधी गळला, पावसाने तो कुठे वाहिला. विद्यापीठाच्या त्या दाढीवाल्या पाहुण्याने तिला मध्येच कोंडीत पकडायला बघितलं, तर म्हणाली, "सर, हा प्रश्न मलाही पडला होता, म्हणून मी दोनदा मोजलं." मला टाळी वाजवायची होती. मिस पालुचींनी डोळे वटारले.

मग आपल्या अंगणाचा आकडा आला. ती थांबली नाही, पण तुझ्याकडे बघितलं तिने. आणि तुझी मान खाली गेली.

शेवटी मिस पालुची म्हणाल्या, "आता शेवटचा प्रश्न घरच्यांचा." तू पर्सचा पट्टा इतका वेळ पिळत बसलीस की मला वाटलं आता मलाच पुढे व्हावं लागणार. मग तू विचारलंस. "त्या मातीतले टोमॅटो मी तुला खायला घातले. तू लहान असल्यापासून. दर उन्हाळ्यात. मी तुझं काय करून ठेवलंय?"

तो धाकट्या वर्गातला मुलगा पेन्सिल तोंडात धरून बसला होता, त्याने ती काढली.

झारिया टेबलाला वळसा घालून तुझ्यासमोर आली, पण उत्तर मात्र तिने परीक्षेसारखंच दिलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "टोमॅटोच्या फळात शिसं फारसं चढत नाही. ते मी बघितलं. ते मातीतच राहतं, धुळीत. लहान मुलांच्या पोटात जातं ते हातांतून, नखांतून, घरात आलेल्या चपलांतून. माझं लहानपणी रक्त तपासलं होतं, दवाखान्यातून मी ते मागवलं. ते स्वच्छ होतं. मला आधी कळेना, एवढ्या वाईट मातीत खेळून ते स्वच्छ कसं. मग आठवलं. आई मला अंगणातून आत येऊच द्यायची नाही. पायरीवर थांबवायची. चपला बाहेर. पाइपाखाली हात, मग नखं, मग पुन्हा हात. टोमॅटोही धुवून. बाकीची मुलं खेळत असायची आणि मी रडत हात धूत असायचे. मला फार राग यायचा." मग तिचा आवाज जरा हलला. "ते माझ्या निष्कर्षात आहे. शेवटच्या पानावर. मी तुझं नाव घातलंय."

तू रडलीस ते सगळ्यांनी बघितलं. मी कसा उभा होतो ते कुणी बघितलं नाही, बरं झालं.

शेरिस, मी तुला म्हणालो होतो, मग तसं वाग. तू तशीच वागलेली होतीस, रोज, त्या पायरीवर. मी आत बसून "पुरे की आता, पोरीला खाऊ दे" म्हणून ओरडायचो. माझ्या नातीला ते यंत्रावर मोजून काढावं लागलं. तो शब्द मी परत घेतो. हे तुझ्यासमोर म्हणायला हवं होतं, पण बसस्टँडवर तू मला मिठी मारलीस आणि मग मला काही म्हणता आलं नाही.

नंतरचं जेवण तू घाईत अर्धंच केलंस. एह पॉच्या आईने आंबट पाल्याचं कालवण आणलं होतं, तिच्या वर्गातल्या यादिएलच्या आजीने तुरीचा भात. झारिया ताट घेऊन बसली, पहिला घास उचलला, आणि तू पलीकडच्या टेबलावरून, पाहुणे बसलेले असताना, मोठ्याने ओरडलीस, "झारिया! हात धुतलेस?"

सगळी खोली हसली. दाढीवाला सर्वांत जास्त. मी झारियाकडे बघत होतो. ती हसली नाही. घास ताटात ठेवला, उठली, नळापाशी गेली, आणि बाह्या वर करून सावकाश हात धुतले, मग नखं, मग पुन्हा हात.

तुझा,
बाबा